चाळीस एमबीवर अडकलेली एसएसडी: दोष ड्राइव्हचा की वाटेचा?

तुमचा प्रश्न मला समजला तसा आधी मांडतो. तुम्ही लग्नाचे फोटो-व्हिडिओ काढता. १ टीबीची एम.२ एनव्हीएमई एसएसडी घेतलीत, खोक्यावर ३,५०० एमबी प्रति सेकंद लिहिलंय. ती बाहेरच्या केसिंगमध्ये घालून लॅपटॉपला लावली, तर कॉपी ४० एमबीच्या वर जात नाही. एका लग्नाचा २५० जीबी डेटा उतरवायला पावणेदोन तास लागतात. दुकानदार म्हणतो फॉरमॅट मारा, मित्र म्हणतो माल डुप्लिकेट आहे. शिवाय जुन्या लॅपटॉपमधून काढलेली, दिसायला अगदी तशीच असलेली दुसरी एम.२ एसएसडी त्याच केसिंगमध्ये घातली तर ती दिसतच नाही. दोन्ही ड्राइव्ह गेल्या का, असं तुम्ही विचारलंय.

माझ्या मते दोन्ही ठणठणीत असण्याची शक्यता खूप जास्त आहे. आणि फॉरमॅट कृपा करून मारू नका. फॉरमॅटने फाइलींची मांडणी नव्याने होते, पण डेटा ज्या तारेतून जातो ती तार तीच राहते. तुमचा अडथळा तारेत किंवा तिच्या टोकाला आहे, आणि फॉरमॅटने तुमच्या हातून फक्त फोटो जातील.

मी हे इतक्या खात्रीने म्हणतोय ते तुम्ही दिलेल्या आकड्यामुळे. वीसेक वर्षं हेच काम करतोय. माझ्या टेबलावर 'ड्राइव्ह स्लो आहे' म्हणून काही आलं की मी सॉफ्टवेअर उघडण्याआधी एकच विचारतो: नेमका किती स्पीड येतो, आणि तो स्थिर आहे की वरखाली होतो? खराब होत चाललेला ड्राइव्ह सहसा एका आकड्यावर टिकत नाही. २०० दाखवेल, मग शून्य, मग ६०, मग दहा सेकंद थिजून बसेल. तुमचा आकडा ४० वर पाट्यावर बसल्यासारखा बसलाय. तो यूएसबी २.० चा आकडा आहे.

यूएसबी २.० ची मर्यादा सेकंदाला ४८० मेगाबिट. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे कागदावर ६० मेगाबाइट. पण त्या तारेवर एका वेळी एकाच दिशेने बोलता येतं, आणि प्रत्येक देवाणघेवाण कॉम्प्युटरनेच सुरू करावी लागते; ड्राइव्हला आपणहून तोंड उघडता येत नाही. या विचारपूसीत वेळ जातो आणि हातात ३५ ते ४० एमबी उरतात.

बिट आणि बाइटची गल्लत इथे फार लोकांची होते, म्हणून ती आत्ताच सोडवतो. तारेवर, पोर्टवर, केसिंगच्या खोक्यावर जे ५, ६, १० लिहिलेलं असतं ते गिगाबिटमध्ये. कॉपीच्या खिडकीत दिसतं ते मेगाबाइटमध्ये. ५ गिगाबिटची यूएसबी आणि ६ गिगाबिटची साटा (डिस्क मदरबोर्डला जोडायची जुनी वाट) या दोन्हींत आठ बिट पाठवायला तारेवर दहा बिट खर्च होतात, म्हणून सरळ दहाने भागायचं: ५०० आणि ६००. प्रत्यक्षात यूएसबीवर ४०० ते ४५० मिळतात, साटावर ५४० ते ५५०. १० गिगाबिटच्या यूएसबीत आणि पीसीआयईच्या (मदरबोर्डवरच्या वेगवान वाटेच्या) नव्या पिढ्यांत हा वरखर्च बराच कमी आहे. अशा यूएसबीवर चांगला ड्राइव्ह १,००० एमबीच्या आसपास जातो. पीसीआयई ३.० च्या एका लेनवर, म्हणजे त्या वाटेच्या एका पदरावर, ९८५, चार लेनवर ३,९४० च्या आत-बाहेर. तुमच्या खोक्यावरचे ३,५०० ते इथले. म्हणजे ड्राइव्ह मदरबोर्डवर थेट, चार लेनच्या स्लॉटमध्ये बसवला तर मिळणारे. बाहेरच्या साध्या केसिंगमध्ये ते कधीच मिळणार नाहीत, आणि त्यात कोणी तुम्हाला फसवलेलं नाही. १० गिगाबिटचं केसिंग असेल तर तुमचा हक्काचा आकडा ९०० ते १,०००. तो मिळाला तर तेच २५० जीबी चार-पाच मिनिटांत उतरतील.

मग ४० का? केसिंगबरोबर आलेली केबल वापरताय की टेबलावर जी हाती लागली ती? मला ही शंका सगळ्यात आधी येते. मोबाइलच्या चार्जरबरोबर मिळणाऱ्या टाइप-सी केबलींपैकी बऱ्याच केबली डेटासाठी फक्त यूएसबी २.० च्या असतात. त्या जाड असतात, ६५ वॉटचं चार्जिंग झेलतात, पण वेगाच्या डेटासाठी लागणाऱ्या जास्तीच्या तारा त्यांच्यात घातलेल्याच नसतात. टाइप-सी हा फक्त तोंडाचा आकार आहे. आतून काय जातं ते त्या आकारावरून कळत नाही.

केबलच्या एका टोकाला जुनं चौकोनी टाइप-ए तोंड असेल तर मात्र डोळ्यांनी ओळखता येतं. मोबाइलचा टॉर्च लावा आणि तोंडाच्या आत बघा. पुढे चार सोनेरी पट्ट्या दिसतील. त्या यूएसबी २.० च्या. त्यांच्या मागे, खोलवर, आणखी पाच बारीक ठिपक्यांसारखे संपर्क दिसले तर केबल ३.० ची. ते पाच नसतील तर लॅपटॉप कितीही नवा असो, तुम्ही ४० च्या वर जाणार नाही. आतलं प्लॅस्टिक निळं असलं की लोक ३.० समजतात, पण रंगावर भरवसा ठेवू नका, पट्ट्या मोजा. दोन्ही टोकांना टाइप-सी असेल तर असं बघता येत नाही, तिथे केबल बदलून बघणं हाच उपाय.

या चार आणि पाचच्या मांडणीतून आणखी एक गंमतशीर बिघाड निघतो. प्लग अगदी सावकाश आत सरकवला तर पुढच्या चार पट्ट्या आधी टेकतात, कॉम्प्युटर तेवढ्यावरच ओळखपाळख उरकून घेतो आणि ड्राइव्हला २.० म्हणून नोंदवतो. मागच्या पाच नंतर टेकल्या तरी उशीर झालेला असतो. ड्राइव्ह काढा आणि एका दमात, ठामपणे परत लावा. मी हे स्वतः अनेकदा पाहिलंय: तोच लॅपटॉप, तीच केबल, आणि वेग एकदम दहापट.

तोडगा लागला की नाही ते बघायला कॉपी करून घड्याळ लावायची गरज नाही. मॅकवर सिस्टम इन्फर्मेशनमध्ये यूएसबीच्या यादीत ड्राइव्हसमोर वेग लिहिलेला असतो. लिनक्सवर टर्मिनलमध्ये 'एलएसयूएसबी डॅश टी' दिलं की ४८०, ५००० किंवा १०००० असा आकडा येतो. विंडोजवाल्यांसाठी सगळ्यात सोपं म्हणजे क्रिस्टलडिस्कमार्क हा वेग मोजणारा प्रोग्राम एकदा चालवणं. वरच्या ओळीतला, सलग वाचनाचा आकडा ४० आला तर वाट अजून २.० चीच आहे. ४०० च्या पुढे गेला की केबल आणि पोर्टचा विषय संपला.

आता दुसरा ड्राइव्ह, जो दिसतच नाही. त्याचं कारण वेगळं आहे आणि मला तो भाग समजावून सांगायला जास्त आवडतो, कारण कॉम्प्युटर आणि ड्राइव्ह खरोखर काय बोलतात ते इथे कळतं.

एम.२ हे फक्त पट्टीच्या मापाचं नाव. तुमच्या ड्राइव्हवर २२८० लिहिलेलं असेल: २२ मिलिमीटर रुंद, ८० लांब. या एकाच मापाच्या पट्टीत दोन वेगवेगळ्या जाती मिळतात. एक साटाची, एक पीसीआयईवर चालणारी एनव्हीएमईची. दोन्ही ड्राइव्ह शेजारी ठेवून सोनेरी कडा बघा. एकीला बहुधा एकच खाच असेल आणि दुसरीला दोन. एक खाच, जिच्या बाजूला पाच पट्ट्या सुटतात, ती सहसा एनव्हीएमई. दोन खाचा असतील तर बहुतेक वेळा साटा. बहुतेक म्हणतोय, कारण दोनच लेनवर चालणाऱ्या काही एनव्हीएमई ड्राइव्हनाही दोन खाचा असतात. शंका असेल तर लेबल वाचा. त्यावर बहुधा साटा, एनव्हीएमई किंवा पीसीआयई असा शब्द असतो. दोन खाचांची पट्टी दोन्ही प्रकारच्या स्लॉटमध्ये बसते, आणि घोळ इथूनच सुरू होतो. बसली म्हणजे चालेल असं नाही.

कारण दोघींची बोली वेगळी. साटाच्या ड्राइव्हशी कॉम्प्युटर मधल्या एका कंट्रोलरमार्फत बोलतो. त्या पद्धतीत हुकमांची एकच रांग असते आणि रांगेत जास्तीत जास्त ३२ हुकूम. फिरत्या हार्ड डिस्कसाठी हे भरपूर होतं. ७,२०० फेऱ्यांच्या डिस्कची तबकडी एक फेरी घ्यायला ८.३ मिलिसेकंद घेते, तेवढ्यात कॉम्प्युटरची करोडो कामं होतात. रांग कितीही लांब केली तरी तबकडी फिरल्याशिवाय उत्तर येणार नाही. उलट ३२ हुकूम एकदम हातात असले की डिस्क त्यांचा क्रम लावून तबकडीवर वाचणाऱ्या डोक्याची धावपळ वाचवते, एवढा फायदा नक्की.

चिपवरच्या मेमरीला तबकडी नाही, फिरणं नाही, आणि एका वेळी अनेक ठिकाणांहून वाचता येतं. तिच्यासाठी ही एक रांग अपुरी पडली, म्हणून २०११ मध्ये एनव्हीएमईचं पहिलं मानक आलं. त्यात ६५ हजारांच्या आसपास रांगा आणि प्रत्येक रांगेत ६५ हजारांपर्यंत हुकूम ठेवायची सोय आहे. प्रत्यक्षात तेवढ्या कोणी वापरत नाही. साधारणपणे प्रोसेसरच्या प्रत्येक कोअरला स्वतःची एक रांग मिळते, म्हणजे एकाला दुसऱ्यासाठी थांबावं लागत नाही. हुकूम द्यायची रीतही मला फार सुबक वाटते. प्रोसेसर ६४ बाइटची एक चिठ्ठी स्वतःच्याच रॅममध्ये लिहून ठेवतो: अमुक ब्लॉकपासून एवढे ब्लॉक वाच आणि रॅममध्ये या जागी आणून ठेव. मग ड्राइव्हची घंटी वाजवतो. कागदोपत्रीही तिला घंटीच म्हणतात. ड्राइव्ह स्वतः येऊन चिठ्ठी उचलतो, डेटा थेट रॅममध्ये ठेवतो, शेजारी १६ बाइटची पोच लिहितो आणि प्रोसेसरला हाक मारतो. मधल्या वेळात प्रोसेसर मोकळा.

यात फोटो, फोल्डर, नाव हे शब्द कुठेच आले नाहीत, हे लक्षात घ्या. ड्राइव्हला तुमचं 'हळद' नावाचं फोल्डर माहीत नसतं. त्याला फक्त ब्लॉकचे अनुक्रमांक कळतात. नावाचं अनुक्रमांकात रूपांतर फाइल सिस्टम करते. म्हणूनच वेग वाटेत अडला असेल तर फॉरमॅटचा उपयोग नाही. आणि म्हणूनच फॉरमॅट झालेल्या हार्ड डिस्कवरून डेटा कधीकधी परत काढता येतो: ब्लॉक जागेवरच असतात, यादी गेलेली असते. एसएसडीवर ती आशा खूपच कमी, कारण रिकाम्या झालेल्या ब्लॉकांची खबर तिला दिली जाते आणि ती ते पुसून टाकते.

आता यूएसबी केसिंग मध्ये आलं की तिसरी बोली येते. यूएसबीवर ड्राइव्हशी बोलायची भाषा स्कझी आहे, जिचं पहिलं मानक १९८६ चं. केसिंगच्या आतल्या छोट्या चिपचं काम दुभाष्याचं: लॅपटॉपकडून स्कझीत ऐकायचं आणि ड्राइव्हला त्याच्या बोलीत सांगायचं. काही चिपा फक्त एनव्हीएमई जाणतात, काही फक्त साटा, काही दोन्ही. शिवाय एनव्हीएमईच्या केसिंगमध्ये स्लॉटच्या पट्ट्यांना जोडलेल्या तारा पीसीआयईच्या असतात, साटाचा संदेश तिथे पोचतच नाही. तुमचं केसिंग फक्त एनव्हीएमईचं असणार आणि जुना ड्राइव्ह साटाचा. दोघं एकमेकांचे शब्दच ऐकत नाहीत, म्हणून ड्राइव्ह 'दिसत नाही'. 'एम.२ साटा'चं वेगळं केसिंग मागा, किंवा दोन्ही चालणारं घ्या. दोन्हींचं थोडं महाग असतं, पण तुमच्या धंद्यात कामाला येईल.

दुभाष्याच्या कामाची पद्धतही दोन प्रकारची आहे. जुन्या पद्धतीत लॅपटॉप ३१ बाइटचा हुकूम पाठवतो, डेटा जातो-येतो, मग १३ बाइटची पोच येते, आणि पोच आल्याशिवाय पुढचा हुकूम नाही. एक एक करून. नव्या पद्धतीला यूएएस म्हणतात. तिच्यात अनेक हुकूम एकदम देता येतात. विंडोज ८ पासून ती विंडोजमध्ये आहे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये स्टोरेज कंट्रोलरखाली 'यूएसबी अटॅच्ड स्कझी' असं नाव दिसलं तर तुमचं केसिंग ती वापरतंय. २५-३० एमबीच्या रॉ फाइली कॉपी करताना फारसा फरक जाणवणार नाही. पण एडिटिंग सॉफ्टवेअरच्या प्रीव्ह्यूचं फोल्डर, ज्यात हजारो चिमुकल्या फाइली असतात, ते हलवताना नक्की जाणवेल. तिथे चांगल्या एनव्हीएमईचाही वेग साधारण ५०-६० एमबीवर आलेला मी बघतो, आणि त्यात बिघाड काही नसतो. प्रत्येक फाइलमागे नाव नोंदवणं, जागा शोधणं, यादी बदलणं हे सगळं आलं.

काही गोष्टी मी इथे बसून सांगू शकत नाही, कारण त्या तुमच्या मांडणीवर अवलंबून आहेत. तुम्ही कॉपी कुठून करताय? लॅपटॉपच्या आतल्या एसएसडीवरून, की थेट कॅमेऱ्याच्या कार्डावरून? यूएचएस-एक जातीच्या एसडी कार्डाची वाटच १०४ एमबीची आहे, मग समोर कितीही वेगवान ड्राइव्ह असो, ९०-९५ च्या पुढे अपेक्षा नको. कार्ड रीडर जुना असेल तर तोही २.० चा असू शकतो, आणि मग ४० चा आकडा केसिंगचा नसून रीडरचा निघेल. गिगाबिट नेटवर्कवरच्या डिस्कवरून असेल तर ११० ची हद्द. लॅपटॉपच्या दोन पोर्टांपैकी एकच वेगवान असणं हेही नेहमीचं, आणि मध्ये हब असेल तर तो आधी काढून बघा.

केबल बदलल्यावर तुम्हाला आणखी एक अनुभव येईल, तो आत्ताच सांगून ठेवतो म्हणजे पुन्हा घाबरायला नको. कॉपी ९०० ने सुरू होईल आणि काही मिनिटांनी अचानक बरीच खाली येईल. याला दोन कारणं असतात. एक, ड्राइव्ह आलेला डेटा आधी घाईघाईने, प्रत्येक पेशीत एकच बिट अशा पद्धतीने उतरवून घेतो आणि नंतर सवडीने दाटीत रचतो. ती घाईची जागा भरली की खरा वेग उघडा पडतो. ड्राइव्ह जितका भरलेला, तितकी ती जागा लहान. दुसरं कारण उष्णता. एका फोटोग्राफरचं केसिंग मी उघडलं तेव्हा ड्राइव्ह आणि अॅल्युमिनियमच्या झाकणामध्ये लावायच्या मऊ पॅडवरचा पातळ प्लॅस्टिकचा पापुद्रा काढायचाच राहिला होता. तापमान सत्तरच्या पुढे जायचं आणि ड्राइव्ह स्वतःला वाचवायला वेग कमी करायचा. पापुद्रा काढला, पॅड नीट बसवलं, झालं. तुमचंही एकदा उघडून बघा.

केबलच्या दोषाचं खापर ड्राइव्हवर फुटणं मला मनापासून खटकतं, कारण त्यात लोकांचे पैसे जातात आणि डेटाही. एका हिशेबनिसांच्या ऑफिसातला डेस्कटॉप माझ्याकडे आला होता. काम करता करता मशीन अर्धा अर्धा मिनिट थिजायचं. आधीच्या माणसाने डिस्क गेली असं सांगून नवी घालायला लावली होती, आणि नवीही आठवड्यात तशीच वागू लागली. मी दोन्ही डिस्कांची स्मार्ट माहिती, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद, काढली. १९९ क्रमांकाची नोंद असते, काही सॉफ्टवेअरमध्ये ती सी७ म्हणून दिसते. तारेवरून जाताना बिघडलेल्या खेपा तिथे मोजल्या जातात. दोन्हींवर ती हजारात होती. तबकडीच्या बिघाडाच्या नोंदी, ५ आणि १९७, दोन्हींवर शून्य. डिस्क आणि मदरबोर्ड एकमेकांशी नीट बोलायचा प्रयत्न करत होते, खेप बिघडली की पुन्हा पाठवत होते, वारंवार बिघडली की ६ गिगाबिटवरून ३ वर उतरत होते. कॅबिनेटच्या झाकणाखाली करकचून दुमडलेली लाल साटा केबल बदलली. १९९ चा आकडा कधी कमी होत नाही, तो आयुष्यभराची बेरीज असतो. पण त्या दिवसानंतर तो वाढायचा थांबला. 'गेलेली' जुनी डिस्क त्यांनी बॅकअपसाठी पुढे कितीतरी दिवस वापरली.

तेव्हा आज रात्री एवढं करा. लॅपटॉपच्या आतून एकच मोठी व्हिडिओ फाइल केसिंगवर कॉपी करा, कार्ड मध्ये आणू नका. केसिंगसोबत आलेली केबल वापरा, हब काढा, एका दमात लावा, पोर्ट बदलून बघा. ४०० च्या वर गेलात तर पहिला प्रश्न मिटला. तरीही ४० च राहिलं तर लॅपटॉपचं मॉडेल आणि केसिंगवर लिहिलेलं सगळं मला कळवा, मग पुढचं बघू. जुन्या साटा ड्राइव्हवर कोणाच्या लग्नाचे फोटो असतील तर योग्य केसिंग मिळेपर्यंत त्याला हात लावू नका, आणि मिळाल्यावर 'फॉरमॅट करायचं का' अशी खिडकी आली तर नाही म्हणा.

कॉपीची खिडकी बंद झाली म्हणून लगेच केबल ओढू नका. कॉम्प्युटरने शेवटचा काही डेटा आपल्या रॅममध्येच धरून ठेवलेला असू शकतो आणि ड्राइव्हनेही 'मिळाला' म्हणून पोच दिलेला डेटा अजून पक्क्या जागी ठेवलेला नसू शकतो. इजेक्ट म्हटल्यावर कॉम्प्युटर उरलेलं सगळं पाठवतो, 'हातातलं खाली ठेव' असा वेगळा हुकूम देतो आणि त्याची पोच येईपर्यंत थांबतो. केसिंगचा दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत तुम्हीही थांबा, आणि कॅमेऱ्याचं कार्ड त्यानंतरच, दुसरी प्रत झाल्यावर, रिकामं करा.